आठव्या तासाची बाईक

पत्र

नमस्कार. मी ३२ वर्षांची आहे. उंची ५ फूट ४ इंच, वजन साठच्या आसपास. चार वर्षं ३०० सीसीची नेकेड, म्हणजे पुढे वारा अडवणारं आवरण नसलेली, बाईक चालवते आहे. आता मोठी गाडी घ्यायची आहे आणि ती स्पोर्टीच हवी, कारण वळणावर गाडी झुकवण्यासाठीच मी बाईक चालवते. पण वर्षातून दोनदा आठ-दहा दिवसांचा लांबचा प्रवासही करायचा आहे, रोज ४०० ते ५०० किलोमीटरचा. कधी एकटी, कधी मागे धाकटी बहीण. रस्ते बहुतेक डांबरी. समोर दोन पर्याय आहेत. एक वापरलेली ६०० सीसीची सुपरस्पोर्ट, म्हणजे रेसच्या गाडीसारखी पुढे झुकवून बसवणारी, आहे, देखणी आणि परवडणारी. दुसरी नवी, ६५० ते ८०० सीसीमधली, फेअरिंगवाली (पुढे वारा अडवणारं आवरण असलेली) पण जरा सरळ बसवणारी. ओळखीचे सगळे म्हणतात, लांब जायचं तर ॲडव्हेंचर बाईकच घे. मित्राची सुपरस्पोर्ट दोन तास चालवली तेव्हा मनगटं आणि मान भरून आली, तरी उतरावंसं वाटत नव्हतं. तशी गाडी घेऊन ती लांबच्या प्रवासासाठी तयार करता येईल का? मी यादीही केली आहे: उंच काच, हँडल रायझर (हँडल वर उचलणारे तुकडे), तीन पेट्या, जादा दिवे, मोबाइल माउंट, गरम ग्रिप. सुरुवात कुठून करू?
– वळणवेडी

उत्तर

प्रिय वळणवेडी,

ॲडव्हेंचर बाईकचा विषय आधी संपवू, म्हणजे मनातली धाकधूक जाईल. त्या गाड्यांचं सस्पेन्शन जास्त खोल दबतं, पुढचं चाक १९ किंवा २१ इंचांचं असतं आणि बसणं ताठ असतं. खडी, माती, फुटका रस्ता यांसाठीच ती रचना आहे आणि तिथे तिला तोड नाही. तुमच्या मार्गात असे पट्टे पुष्कळ असते तर मीही तेच सांगितलं असतं. पण तुमचे रस्ते डांबरी आहेत आणि जीव वळणांत अडकला आहे. अशा रस्त्यावर दोन्हीकडे १७ इंचांची चाकं आणि कमी दबणारं सस्पेन्शन असलेली गाडी हाताला जे कळवते, ते उंच गाडी कळवत नाही. शिवाय त्यातल्या बऱ्याच मोठ्या गाड्यांची सीट ८४० मिलिमीटरच्या वर असते. भरलेल्या सामानानिशी ती उतारावर थांबवणं तुमच्या उंचीच्या चालकाला दिवसातून अनेकदा जड जाईल.

स्पोर्टी गाडीने लांब जाण्याची परंपरा जुनी आहे. बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आर१००आरएस आणली. तिचं पूर्ण फेअरिंग विंड टनेलमध्ये घडवलेलं होतं, आणि उद्देश हाच होता की वेगात दिवसभर बसणाऱ्याच्या अंगावर वारा कमी यावा. पुढे होंडाच्या व्हीएफआर गाड्यांनी व्ही-फोर (‘व्ही’ आकारात चार सिलिंडर असलेलं) इंजिन आणि दिवसभर निभेल अशी बैठक एकत्र आणली. अलीकडच्या कावासाकी निंजा १०००एसएक्सचं इंजिन तिच्या नेकेड भावंडाचं आहे, तर सुझुकी जीएसएक्स-एस१०००जीटीचं इंजिन जुन्या जीएसएक्स-आर१०००च्या घराण्यातलं आहे. खालच्या आरपीएमवर (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) जास्त जोर द्यावा म्हणून ते नव्याने जुळवलेलं आहे. तेव्हा वेग आणि लांब पल्ला एकाच गाडीत मागणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. कारखान्यांनी त्यासाठी स्वतंत्र वर्गच उभा केला आहे.

आता खरा प्रश्न. शोरूममध्ये दहा मिनिटं बसलेल्या तुम्ही आणि ४०० किलोमीटर झाल्यावर, ऊन उतरताना, उरलेलं शंभर किलोमीटर कापणाऱ्या तुम्ही, यांत फार फरक असतो. गाडी त्या दुसऱ्या अवस्थेतल्या तुमच्यासाठी घ्यायची आहे. आठव्या तासाला मनगट दुखत असेल तर ब्रेकवरची बोटं उशिरा हलतात. मान आखडली असेल तर वळणाच्या शेवटाकडे डोकं वळत नाही. म्हणजे ज्या आनंदासाठी गाडी घ्यायची तोच आधी जातो, आणि त्याच्याबरोबर सुरक्षितताही. म्हणून आराम हा माझ्या लेखी चैनीचा मुद्दा नाही.

शरीर गाडीला तीन जागी टेकतं: हँडल, सीट आणि फूटपेग, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्या. या तीन बिंदूंचा त्रिकोण हीच गाडीची बैठक. सुपरस्पोर्टमध्ये क्लिप-ऑन हँडल (पुढच्या फोर्कच्या दोन नळ्यांना वेगवेगळे बसवलेले दोन दांडे) त्या नळ्या धरणाऱ्या वरच्या क्लॅम्पच्याही खाली असतं, पेग मागे आणि उंच असतात, सीट टाकीकडे उतरती असते. ट्रॅकवर हे सगळं बरोबर आहे, कारण तिथे चालक सतत हलत असतो, कधी टाकीवर झोपतो, कधी बाहेर लटकतो. सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच जागी बसल्यावर मात्र गुडघा फार दुमडलेला राहतो, उतरत्या सीटमुळे अंग पुढे घसरतं आणि ते तळहातांवर तोललं जातं.

वाऱ्याचं काम इथे समजून घ्या. चांगल्या वेगात समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटावरचा भार हलका होतो. म्हणून पुढे झुकलेली बैठक मोकळ्या महामार्गावर बरी वाटते आणि शहरातल्या गर्दीत छळते. तुमच्या यादीत पहिलीच वस्तू उंच काच आहे, म्हणून हे सांगते आहे. खूप झुकलेल्या गाडीला उंच काच लावली की छातीवरचा वारा जातो आणि तो उचलत होता तेवढा भार मनगटांवर येतो. पैसे खर्चून दुखणं वाढवल्यासारखं होतं.

मित्राच्या गाडीवर झालेल्या दुखण्याचा सगळा दोष मात्र मी गाडीला देणार नाही. नेकेड गाडीवरून आलेले बहुतेक जण पहिल्यांदा सुपरस्पोर्टवर हातांवर रेलतात. गुडघ्यांनी टाकी धरा, पोट आणि पाठीच्या खालच्या स्नायूंवर अंग तोला, हात फक्त दिशा देण्यापुरते ठेवा. मांड पक्की असेल तर हात मोकळे राहतात. याची खूण सोपी आहे. एकसारख्या वेगात चालताना दोन्ही कोपरं वरखाली सैल हलवून पाहा. ती सहज हलली तर भार मांड्यांवर आहे, नाही हलली तर हातांवर आहे. तीच गाडी पुन्हा मिळत असेल तर असं बसून आणखी एकदा दोन तास चालवा. तरीही मनगट बोललं, तर तो त्रिकोण तुमच्यासाठी नाही.

आता तुमचे दोन पर्याय. ६०० सीसीची चार सिलिंडरची सुपरस्पोर्ट म्हणजे यामाहा आर६सारखी गाडी: सीट ८५० मिलिमीटर, सर्वाधिक ताकद १४,००० आरपीएमच्या वर. तो आवाज आणि तो शेवटचा ओढा मला मनापासून आवडतो. पण सामान आणि मागे माणूस घेऊन चढावर ट्रक ओलांडायचा असेल तेव्हा ताकद तिथे वर लागत नाही, ५,००० ते ७,००० आरपीएममध्ये लागते, आणि नेमकी तिथे ही इंजिनं मवाळ असतात. प्रत्येक वेळी दोन गिअर खाली जावं लागतं. दिवसाच्या शेवटी त्याचाही थकवा येतो. याउलट कावासाकी निंजा ६५० (सीट ७९० मिलिमीटर) किंवा सुझुकी जीएसएक्स-८आर (सीट ८१० मिलिमीटर) यांची जुळी सिलिंडरं मधल्या आरपीएमवरच खेचतात. चार सिलिंडरचाच हट्ट असेल तर होंडा सीबीआर६५०आर (सीट ८१० मिलिमीटर) आहे. तिचं हँडल सुपरस्पोर्टपेक्षा वर आहे आणि सूर तोच आहे. मॉडेलच्या वर्षाप्रमाणे आकडे थोडे बदलतात, तरी तुमच्या उंचीला या तिन्ही जवळच्या आहेत. लिटर वर्गातल्या, म्हणजे १००० सीसीच्या आसपासच्या, गाड्या तुम्ही विचारल्या नाहीत, आणि ३०० सीसीवरून येताना मी त्यांचा आग्रहही धरणार नाही. निंजा १०००एसएक्स तयार अवस्थेत सुमारे २३५ किलोची आहे. उभ्या गाडीचा तोल जाण्याचे प्रसंग पहिल्या वर्षातच जास्त येतात.

टाकीकडेही पाहा. १५ लिटरची टाकी आणि लिटरला २० ते २२ किलोमीटर धरले तर हिशेब ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. प्रत्यक्षात २५० वर पंप शोधायला लागा. माझ्या मते हे पुरेसं आहे, कारण तुम्ही दर दीड-दोन तासांनी उतरायलाच हवं.

बहिणीचा विचार केला की निर्णय आणखी स्पष्ट होतो. सुपरस्पोर्टची मागची सीट तळहाताएवढी, पेग उंच आणि धरायला काही नाही. ब्रेक लागला की मागची व्यक्ती तुमच्या पाठीवर येते आणि तो भार तुमच्या मनगटांतून जातो. थोड्या अंतराला हे चालून जातं, दहा दिवस कुणालाही सोसणार नाही. म्हणून माझं उत्तर दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. दुकानात बहिणीलाही सोबत न्या, दोघी एकत्र बसून पाहा. मागच्या पेगवर तिचे गुडघे किती दुमडतात ते तिथेच कळेल.

मन तरीही सुपरस्पोर्टवरच राहिलं आणि सगळे प्रवास एकटीनेच करायचे ठरले, तर तेही अशक्य नाही. ती गाडी घेऊन दूर जाणारे लोक आहेत आणि ते आनंदात जातात. फक्त वापरलेली गाडी घेताना डोळे उघडे ठेवा. ऑइलचा बोल्ट, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट यांच्या डोक्यांना आरपार बारीक छिद्रं असतील तर तिथे कधीतरी सेफ्टी वायर (बोल्ट सुटू नये म्हणून ओवलेली तार) बांधलेली असणार, म्हणजे गाडी बहुधा ट्रॅकवर धावली आहे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि फ्रेमवरचे स्टॉपर तपासा. चेपलेला स्टॉपर म्हणजे गाडी जोरात पडलेली आहे. फोर्कच्या नळीवर नखाला लागणारे खड्डे असतील तर ऑइल सील टिकणार नाहीत. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे इंजिनच्या झडपांजवळची बारीक फट, शेवटचा कधी तपासला याचा कागद मागा. आणि सायलेन्सर कुठे आहे ते बघा. २००३ नंतरच्या होंडा सीबीआर६००आरआरसारख्या काही गाड्यांत तो सीटखाली असतो. तिथे शेपटीवर बॅग बांधायची तर उष्णतेचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

आता यादी. ती मी उलटी करते, कारण तुमच्या यादीत बाजारात चटकन दिसणाऱ्या वस्तू वर आल्या आहेत आणि शरीराला व रस्त्याला टेकणाऱ्या वस्तू राहून गेल्या आहेत. गाडी आल्यावर पहिले हजार किलोमीटर काहीही लावू नका. कुठे दुखतं, किती वेळाने दुखतं, हे वहीत लिहा. गाडी नवी असेल तर रनिंग-इनचा, म्हणजे नवं इंजिन सांभाळून रुळवण्याचा, काळ तसाही साधारण याच्या आसपास असतो.

शरीरासाठीचा पहिला खर्च अगदी लहान आहे: टाकीच्या दोन्ही बाजूंना चिकटवायचे रबरी ग्रिप पॅड. गुडघा घसरत नाही, मांड पक्की होते आणि ब्रेक लावताना अंग पुढे जात नाही. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर बोटांच्या लांबीप्रमाणे जवळ घ्या, आणि ते हाताच्या रेषेत येतील इतके खाली फिरवा. यासाठी फक्त पाना लागतो, तरी कितीतरी लोक शोरूममधून जसे आले तसेच लिव्हर वर्षानुवर्षं वापरतात. मग सीट. उतरती सीट सपाट करून घेणं हे मनगटासाठी रायझरइतकंच उपयोगी आहे, कारण घसरणंच थांबतं. चांगला कारागीर मूळ फोम काढून जास्त घनतेचा फोम बसवतो आणि पुढचा भाग अरुंद करतो, त्यामुळे तुमचे पाय जमिनीला आणखी टेकतील. मऊ सीटच्या मोहात पडू नका. ती दुकानात छान वाटते आणि तिसऱ्या तासाला खाली दबून कडक होते. जेलची गादी उन्हात तापते, हेही लक्षात असू द्या. उंची कमी करायला मागची लोअरिंग लिंक (सस्पेन्शनच्या जोडणीतला गाडी खाली आणणारा भाग) लावण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. त्याने गाडीची भूमिती बदलते, वळणात झुकायला जागा कमी होते आणि साइड स्टँड लांब पडतो. आधी सीट आणि जाड तळव्याचे बूट यांवर भागवून पाहा.

रायझर याच्यानंतर. २० ते ३० मिलिमीटर हँडल वर आल्याने मान आणि मनगट दोन्ही सुटतात. पण हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवून बघा: ब्रेकचा पाइप ताणला जातो का, क्लचची केबल अडकते का, हात टाकीला किंवा फेअरिंगला लागतो का, हँडल वळवल्यावर इंजिनचा आवाज आपोआप चढतो का. यातलं काहीही झालं तर लांब पाइप आणि केबल बसवल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. यात तडजोड करू नका, अशी कळकळीची विनंती आहे.

काचेचं सरळ-बसणाऱ्या गाडीपुरतं बोलते. काच फार उंच असण्याची गरज नसते. वारा स्वच्छ यावा, भोवरे करत येऊ नये, हे महत्त्वाचं. हेल्मेट थरथरत असेल तर काचेच्या कडेवरून निसटलेला भोवरा नेमका डोक्यावर आदळतो आहे. कधी काच उंच करून तो डोक्यावरून जातो, कधी बुटकी करून डोकं मोकळ्या वाऱ्यात येतं आणि थरथर थांबते. विकत घेण्याआधी चालत्या गाडीवर किंचित उठून आणि किंचित वाकून पाहा, कुठे शांतता आहे ते समजेल. वेग वाढला की वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०० वरून १२० वर गेलात की तो ४४ टक्क्यांनी चढतो. कधीकधी काच बदलण्यापेक्षा १०-१५ चा वेग सोडणं जास्त आराम देतं.

तुमच्या यादीत नसलेली आणि मला सर्वांत वर हवी असलेली वस्तू म्हणजे इअरप्लग. ताशी १०० च्या पुढे हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास पोचतो. कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबलची शिफारस केलेली मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. हा हिशेब लावला तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. शिवाय तो आवाज थकवतो. प्लग घालून पहिल्यांदा दिवसभर चालवलंत की संध्याकाळी डोकं किती हलकं आहे ते स्वतःच अनुभवाल. हॉर्न आणि इंजिन ऐकू येतं, वाऱ्याची गर्जना तेवढी दबते. ज्या भागात जाल तिथल्या नियमात ते चालतात ना, तेवढं पाहा. हेल्मेट घेतानाही बाईकवर झुकून बसा आणि समोर बघा. काही हेल्मेटांची वरची कड झुकल्यावर रस्ता झाकते, मग मान उगाच मागे मोडून ठेवावी लागते.

शरीरानंतर टायर. सुपरस्पोर्टसोबत येणारे मऊ टायर गरम झाल्यावर अप्रतिम पकड देतात, पण थंड पावसात ते गरमच होत नाहीत आणि सरळ महामार्गावर मधोमध झिजून सपाट होतात. सपाट झालेला टायर वळणात शिरताना आधी अडतो आणि मग एकदम पडतो. ज्या झुकण्यासाठी तुम्ही गाडी घेता आहात त्याचाच विचका होतो. मिशेलिन रोड ६, पिरेली एंजेल जीटी २, मेट्झेलर रोडटेक ०१ एसई हे स्पोर्ट-टूरिंग टायर याच गरजेतून आले आहेत. मधला पट्टा जास्त किलोमीटर टिकणारा, कडा पकड देणाऱ्या, आणि ओल्या रस्त्यावर पाणी काढणाऱ्या खाचा. तुमच्या वळणांना ते कमी पडणार नाहीत. बाजूवर लिहिलेला भार-निर्देशांक गाडीच्या पुस्तिकेशी जुळवा: ५८ म्हणजे २३६ किलो, ७३ म्हणजे ३६५ किलो. त्याखाली जाऊ नका. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची आणि सामान व बहीण असताना पुस्तिकेतला जादा भाराचा आकडा पाळायचा. ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि छोटा पंप जवळ हवा, आणि ते एकदा जुन्या टायरवर वापरून बघितलेलं हवं.

सस्पेन्शनकडे बहुतेक जण ढुंकूनही पाहत नाहीत. इथे तुमची गाडी सर्वांत जास्त सुधारू शकते. रायडिंगचे कपडे घालून बसल्यावर मागचं सस्पेन्शन साधारण ३० ते ३५ मिलिमीटर दबलं पाहिजे. एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने मागच्या धुरीपासून वरच्या एका खुणेपर्यंत मोजायचं, आधी चाक उचलून आणि मग तुम्ही बसल्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. सामान चढवलं की तो वाढतो, गाडी मागे बसते, पुढचं चाक हलकं होतं, गाडी वळणात आळसटते आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागचा प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की हे सगळं एकाच वेळी सुधारतं. पान्याने फिरवायच्या कॉलरऐवजी हाताने फिरवायची मूठ असेल तर दोघी असताना आणि एकटी असताना बदल करणं दोन मिनिटांचं काम होतं.

आता सामान. तीन ॲल्युमिनियमच्या पेट्या यादीतून काढून टाका. स्पोर्टी गाडीची मागची फ्रेम हलकी असते आणि तिच्यावर किती वजन चालेल ते पुस्तिकेत दिलेलं असतं. बऱ्याचदा शेपटीवर जेमतेम पाच-सात किलो. धुरीच्या मागे आणि उंचावर ठेवलेला प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतो, आणि वेगात गाडी डुलायला लागते. आधी एकूण हिशेब करा: पुस्तिकेतलं कमाल एकूण वजन, त्यातून टाकी भरलेल्या गाडीचं वजन वजा. समजा १९० किलो उरले. तुम्ही ६०, बहीण ५५, दोघींची हेल्मेटं, जॅकेटं, बूट मिळून १६. म्हणजे ५९ किलो शिल्लक, पण ते सगळे भरायचे नाहीत. दोघींना मिळून २० ते २५ किलोंत दहा दिवस नीट जातात.

एकटी असताना शेपटीवरची एक बॅग आणि टाकीवरची एक छोटी बॅग पुरते. दोघी असताना मागची सीट गेली, म्हणून दोन्ही बाजूंच्या कापडी झोळ्या आणि टाकीवरची बॅग. जड वस्तू, म्हणजे अवजारं, कुलूप, पाणी, खाली आणि पुढे. कपडे मागे. झोळी बांधल्यावर दोघी बसून गाडी जोरात दाबा आणि तिसऱ्या कुणाला सायलेन्सरपर्यंतचं अंतर बघायला सांगा. उभ्या गाडीवर चार बोटं वाटणारी जागा खड्ड्यात संपते आणि कापड पेटू शकतं. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून बांधा. चेनमध्ये गेलेला पट्टा मागचं चाक अडकवतो. टाकी प्लॅस्टिकच्या आवरणाची असेल तर चुंबकाची बॅग चिकटणार नाही. टाकीच्या झाकणाभोवती बसणारी रिंग चांगली, ती रंगही खरवडत नाही. ती बसवल्यावरही हँडल पूर्ण वळवून बघाच.

या गाड्यांना सहसा मधला स्टँड नसतो आणि चेनला दर ५००-७०० किलोमीटरला तेल हवं, म्हणजे तुमच्या प्रवासात जवळपास रोज. संध्याकाळी गाडी थांबल्या थांबल्या, चेन कोमट असताना, गाडी थोडी थोडी पुढे ढकलत लावा. चाक हाताने फिरवायचं तर इंजिन बंद आणि न्यूट्रलमध्येच. चालू इंजिनने चाक फिरवत तेल लावताना बोटं गेलेली आहेत. चेनचा ताण पुस्तिकेप्रमाणे ठेवा आणि घट्ट तर कधीच ठेवू नका. भार आला की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर येतो आणि चेन आणखी आवळते. निघण्याआधी एकदा घरीच, फक्त सोबत न्यायच्या अवजारांनी चेन ताणून पाहा. मागच्या धुरीचा नट सुटेल असा पाना कंपनीच्या किटमध्ये नाही, हे अनेकांना रस्त्यावरच कळतं. क्लचची जादा केबल आणि दोन्ही लिव्हर सामानात ठेवा.

दिवे, मोबाइल, गरम ग्रिप शेवटी. गरम ग्रिप थंड प्रदेशात खरोखर उपयोगी आहेत, आणि ३० ते ४० वॅटचा भार बहुतेक गाड्या उचलतात. जादा दिव्यांची गरज तुम्ही अंधारात किती चालवणार यावर आहे, आणि मी तर म्हणेन अनोळखी रस्त्यावर अंधाराआधी मुक्कामाला पोचा. काहीही जोडलं तरी बॅटरीजवळ फ्यूज आणि चावीबरोबर बंद होणारा रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) हवाच, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. मोबाइल माउंट कंपन शोषणाराच घ्या. मोटारसायकलच्या तीव्र कंपनांनी कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिली होती.

निघायची तारीख मागे मोजत ठरवा. रनिंग-इन आणि पहिली सर्व्हिसिंग, मग सीट आणि हँडलचं काम, मग टायर. नव्या टायरवर पहिले दीडशे किलोमीटर हळूहळू झुकायचं. दोन महिने हाताशी ठेवलेत तर घाई होणार नाही. सगळं झाल्यावर पूर्ण सामान आणि बहीण घेऊन एका मुक्कामाची फेरी करा, जाताना साडेतीनशे किलोमीटर, येताना तेवढेच. परत आल्यावर बोल्ट, पट्ट्या आणि टायरची हवा पुन्हा तपासा, आणि मागच्या सीटबद्दल बहिणीला काय वाटलं ते तिला स्वतःहून सांगू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसायला ती तयार असेल तर दहा दिवसांचे मुक्काम खुशाल ठरवायला घ्या.